खैरनार सरांचे पाचापैकी तीन

खैरनार सर कुठल्या खोलीत बसून गेले हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. खुर्चीच्या हाताला, खणाच्या मुठीला, मीटिंगमधल्या पाण्याच्या जगच्या कानाला टाके घालायच्या काळ्या रेशमी दोऱ्याच्या गाठींची एक ओळ दिसली की समजायचं, सर इथे होते आणि मीटिंग कंटाळवाणी होती. माझ्या टेबलावरच्या दिव्याला तर इतक्या गाठी झाल्या होत्या की सफाईवाल्या बाईंनी एकदा मला काळजीनं विचारलं, हे तुमच्याकडचं काही धार्मिक असतं का?

डॉक्टर दिगंबर खैरनार. मूळचे धुळ्याचे. मिनेसोटातल्या आमच्या हॉस्पिटलात पोटाचे सर्जन. अमेरिकन लोकांच्या जिभेला 'खैरनार' झेपेना, म्हणून सगळ्यांनी त्यांचं 'डॉक्टर के' करून टाकलं होतं. मी हॉस्पिटलात त्यांना सर म्हणायची आणि ईडन प्रेरी या उपनगरात त्यांच्या घरी गेले की काका. एकदा घाईत उलटं झालं. भर कॉरिडॉरमध्ये मी "काकाऽऽ" अशी हाक मारली, आणि सर इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी माझे तीन फॉर्म न मागता भरून दिले.

फॉर्म म्हणजे माझं पोट. मी नागपूरची, बॉटनीची एम.एस्सी. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले, काही वर्षं घरात बसून झाडांना पाणी घातलं आणि वर्क परमिट आल्यावर सर्जरी विभागात कोऑर्डिनेटर म्हणून चिकटले. इथे डॉक्टर झालेली मुलं पुढे पाच वर्षं सर्जरी शिकतात, त्यांना रेसिडेंट म्हणतात. प्रत्येक ऑपरेशननंतर शिकवणाऱ्या सर्जननं त्या रेसिडेंटचा कॉम्प्युटरवर एक फॉर्म भरायचा: एक ते पाचमध्ये गुण, खाली शेरा. सर्जन मंडळी पोट उघडायला एका पायावर तयार असतात, फॉर्म उघडायला नाही. त्यांच्या मागे लागणं ही माझी नोकरी.

डॉक्टर पीटरसन नावाचे एक उंच, हसरे सर्जन होते. ते महिनाअखेरीला कॉफी पीत बसायचे आणि दहा मिनिटांत सगळे फॉर्म उडवायचे. सगळ्यांना पाच, सगळ्यांना शेरा एकच: 'ग्रेट जॉब!' एकदा त्यांनी एका मुलाला पाच गुण आणि 'ग्रेट जॉब' दिलं. तो मुलगा बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे बायकोच्या, महिनाभर घरी होता. मी दाखवून दिलं तर म्हणाले, "असेल, पण मुलगा चांगला आहे."

खैरनार सरांचं तसं नव्हतं. ते प्रत्येक फॉर्म वेळेत, दोन बोटांनी टाइप करून, ऑपरेशनच्याच दिवशी भरायचे. बोलायचे मात्र काही नाहीत. ऑपरेशन चालू असताना त्यांच्या तोंडून निघायचं ते फक्त 'हं'. हे 'हं' अनेक जातींचं होतं. आखूड 'हं' म्हणजे चालू दे. लांब 'हंऽऽ' म्हणजे हात थांबव. नाकातून आलेलं म्हणजे आता सुरी माझ्याकडे दे आणि बाजूला हो. रेसिडेंटांनी याची एक यादीच केली होती आणि नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात ती तोंडपाठ करून घेत. त्यात एका 'हं'पुढे प्रश्नचिन्ह होतं. ते टाके घालून झाल्यावर, हातमोजे काढताना यायचं. ते कौतुकाचं की रागाचं, यावर त्यांच्यात दोन तट होते.

मी एकदा सरांनाच विचारलं. मधल्या सुट्टीत सर्जनांच्या खोलीत ते डब्यातलं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खात होते. भरताचा ठसका असा की पीटरसन खिडकी उघडायचे, बाहेर शून्याखाली वीस असलं तरी.

"सर, ते शेवटचं 'हं' म्हणजे काय हो?"

"कुठलं शेवटचं?"

मी करून दाखवलं. ते जेवायचे थांबले, विचारात पडले.

"ते होय. ते मी स्वतःशीच म्हणतो. झालं एकदाचं, असं."

पाच वर्षं मुलं त्या आवाजावर झोपा घालवत होती!

आता मेगन. मेगन म्हणजे उत्तर मिनेसोटातल्या एका डेअरी फार्मवरची मुलगी, गाईच्या वासरांना बाटलीनं दूध पाजून मोठी झालेली. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी, तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट. सरांना ती मनापासून आवडायची. हे मला माहीत होतं, कारण वेळापत्रक मी करायची आणि सर दर सोमवारी येऊन हळूच म्हणायचे, "वर्षा, बुधवारी अवघड केस आहे. ती गाईवाली मुलगी मोकळी आहे का बघ." मुलीला एकही शब्द नाही; माझ्या कानात मात्र "फार सुंदर हात आहे गं पोरीचा, कुठे घाई नाही, कुठे धसमुसळेपणा नाही."

त्या वर्षी वसंतात कमिटीची बैठक ठरली. कोण रेसिडेंट पुढच्या वर्षात जाणार, कोणाला तेच वर्ष पुन्हा करायचं, हे ही कमिटी ठरवते. सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढून तक्ता करायचं काम माझं. तक्ता काढला आणि मेगनचं नाव सगळ्यात खाली, लाल रंगात. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा काढला. पुन्हा लाल.

नियमाप्रमाणे ज्याचा त्याला आकडा आणि क्रमांक कळवला आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म एकेक उघडून बघितले. बाकी सर्जनांचे थोडे, सगळे पाचाचे. आणि खैरनार सरांचे ढीगभर, प्रत्येकावर तीन. पाचापैकी तीन. शेरा प्रत्येकावर एकच, इंग्रजीत: तक्रार नाही.

मी फॉर्म घेऊन तडक त्यांच्याकडे गेले.

"सर, मेगनचं काय बिनसलंय?"

"काय बिनसायचंय? सगळ्यांत चांगली आहे ती."

"मग तीन का दिलेत?"

"अगं, पाचापैकी तीन म्हणजे किती? साठ टक्के! फर्स्ट क्लास दिलाय मी तिला!" ते खरोखर अभिमानानं म्हणाले. "आम्हाला सर्जरीत साठ म्हणजे काय वाटायचं, तुला सांगतो. मला साठ पडले तेव्हा आमच्या आईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. आणि पाच कोण देतं? परीक्षकानं स्वतःला तरी पाच द्यावेत का?"

मला आधी हसूच आलं. मला स्वतःला बी.एस्सी.ला एकसष्ट टक्के होते आणि माझ्या बाबांनी फोटो काढून घेतला होता. आमच्या पिढीतल्या कुणालाही सरांचा हिशेब न सांगता कळला असता. मलाही कळायला हवा होता; सगळे फॉर्म माझ्याच हातून जात होते. इथे सगळेच पाच देतात, कुणी नाराज असेल तर चार. तीन म्हणजे या मुलीला आवरा. आणि तिच्यावर जीव म्हणून सर तिला प्रत्येक अवघड ऑपरेशनला मागून घ्यायचे. जितकी आवडायची तितके तीन वाढायचे.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांच्या बोटातला दोरा थांबला.

"मग आता काय करतात?"

"एक वर्ष मागे ठेवतील. मेगन म्हणते, तसं झालं तर सर्जरी सोडून घरी जाईन."

"हे ती तुला बोलली?"

"काल. माझ्या खोलीत रडून गेली. म्हणाली, तीन वर्षांत मला कुणी काही बोललं नाही, आणि आता कळतंय की मी शेवटची आहे."

सर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "बदलून दे सगळे. पाच कर."

फॉर्म एकदा भरला की कुलूपबंद होतो. मी काय, हॉस्पिटलचा मालक आला तरी बदलता येत नाही. हे सांगितल्यावर सर मटकन बसले. त्या वयाचा, त्या मानाचा माणूस इतका हरवलेला मी पहिल्यांदा बघितला, आणि मला फार वाईट वाटलं.

कमिटीत मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात बसते. मेगनचं नाव आल्यावर सर उभे राहिले. बोलणं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगते.

ते म्हणाले, "या मुलीच्या गुणांत चूक माझी आहे. मी जिथे शिकलो तिथे तीन म्हणजे उत्तम. आकडा आता बदलत नाही असं कळलं. तेव्हा आकडा बाजूला ठेवा, मी तोंडी सांगतो."

आणि सांगायला लागले. कागद नाही, काही नाही. ऑक्टोबरात एका म्हाताऱ्या माणसाचं आतडं अडकलं होतं, तिथे मेगननं काय ओळखलं. जानेवारीत पित्ताशय काढताना रक्त आलं, तेव्हा ती घाबरून दिसेल तिथे चिमटे लावत सुटली नाही. बोट ठेवून थांबली आणि मदत मागितली. कुठे तिनं चूक केली, कुठली चूक पुन्हा केली, कुठली केली नाही. एकामागून एक ऑपरेशनं, पेशंटच्या वयासकट. खोलीत बसलेल्या बाकी कुणालाही आपल्या कुठल्याही रेसिडेंटबद्दल असं पाच मिनिटं बोलता आलं नसतं, हे त्यांचे चेहरेच सांगत होते.

पीटरसन म्हणाले, "के, तुम्ही नुसती तारीफ करताय. ती कशात कच्ची आहे?"

"डावा हात," सर ताडकन म्हणाले. "उजवा हात काम करतो आणि डावा लग्नातल्या पाहुण्यासारखा नुसता उभा असतो. त्यामुळे ती हळू आहे. सहा महिन्यांत सुटेल असं आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दोष सांगितल्यावर आधीचं कौतुकही त्यांना खरं वाटलं. मग पीटरसननी सहज विचारलं, "हे तिला सांगितलंत कधी?"

सरांनी खिशातला दोरा काढून बोटाला गुंडाळला.

"के?"

"नाही," सर म्हणाले. "मी 'हं' म्हणालो."

खोली खो खो हसली. सर हसले नाहीत. उभेच राहिले, टेबलाकडे बघत, आणि मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "सहा महिने माहीत होतं मला. सहा महिने ती बिचारी त्याच हातानं काम करत राहिली."

हसणं हळूहळू थांबलं. कमिटीनं निकाल पुढे ढकलला: चार महिने मुदत, आणि या चार महिन्यांत डॉक्टर के यांनी प्रत्येक ऑपरेशननंतर तिच्याशी समोरासमोर बोलायचं. पीटरसन म्हणाले, "आवाजात नाही, शब्दांत." ते मी टिपणात लिहिलं.

आणि साठी ओलांडलेला माणूस बोलायला शिकू लागला. पहिल्याच दिवशी त्यांनी मेगनला हात धुवायच्या बेसिनपाशी गाठलं आणि कोपरांवरून पाणी निथळत असताना विचारलं, "आज मी तुझं काय बघू?" ती इतकी दचकली की तिला पुन्हा हात धुवावे लागले. ऑपरेशन झाल्यावर डोक्यावरची टोपी काढायच्या आत दोन मिनिटं: एक गोष्ट जमली ती, एक गोष्ट सुधारायची ती. तिसरी नाही. "तिसरी सांगितली की पहिली दोन विसरतात," असं ते म्हणायचे. डाव्या हाताबद्दल ऐकून मेगन माझ्या खोलीत आली आणि पुन्हा रडली. मी टिश्यूचा डबा पुढे केला तर म्हणाली, "नाही, नाही. मला बरं वाटतंय. मला काय करायचंय ते कळलं." दुसऱ्या दिवसापासून ती कॉफी ढवळणं, दार उघडणं, दात घासणं, सगळं डाव्या हातानं करू लागली. महिनाभर तिच्या पांढऱ्या कोटावर कॉफीचे डाग होते.

दोष सांगणं सरांना चटकन जमलं. जमेना ते कौतुक. "ठीक आहे"च्या पुढे त्यांची जीभच वळेना. म्हणून त्यांनी घरी सराव करायचं ठरवलं. शैला काकूंनी शेवभाजी केली होती. सर म्हणाले, "आजची भाजी फार चांगली झालीय. कांदा नीट भाजलास, त्यामुळे रस्सा दाट आलाय."

काकूंनी चमचा खाली ठेवला. "काय करून आलात?"

"काही नाही. कौतुक केलं."

"लग्नाला अडतीस वर्षं झाली. गाडी ठोकलीत का?"

काकू खरंच गॅरेजमध्ये जाऊन गाडी बघून आल्या. हे त्यांनीच मला सांगितलं, हसता हसता डोळे पुसत. मग म्हणाल्या, "पण कांद्याचं बरोबर ओळखलं हो. मला वाटायचं, ह्यांना कळतच नाही."

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही त्यांचा सराव चालू होता. एका नऊ वर्षांच्या मुलीनं लावणी केली. सगळे "सो क्यूट, सो क्यूट" करत होते. सर तिच्यासमोर वाकून म्हणाले, "तू प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघून नाचलीस, ते मस्त. पण ओठांनी वन-टू-थ्री मोजत होतीस. ते मनात मोज." मुलीची आई फणकारली, "काका, लहान आहे हो ती!" पण मुलगी पुढच्या वर्षी नाच संपल्या संपल्या स्टेजवरून उडी मारून थेट त्यांच्याकडे आली. "आजोबा, डिड आय काउंट?"

"मला तर नाही दिसलं," सर म्हणाले. ती टुणटुणत आईकडे पळाली.

चार महिन्यांनी कमिटीनं मेगनला पुढच्या वर्षात घातलं. एकमतानं. फॉर्मही बदलला: आकड्याच्या आधी आता दोन ओळी लिहाव्या लागतात, काय जमलं आणि काय सुधारायचं. त्याशिवाय आकडा पडतच नाही. पीटरसन महिनाभर कुरकुरले, मग तेही बेसिनपाशी उभे राहून विचारू लागले. मला फॉर्मांमागे धावायचं काम निम्म्यावर आलं, आणि सर्जरीच्या मुलांशी एकदाचं कुणी बोलू लागलं याचा मला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगितला नाही, कारण माझ्या नोकरीत तो बसत नाही.

मेगननं शिक्षण संपवलं आणि ती आमच्याकडेच सर्जन म्हणून राहिली. सर निवृत्त झाले. टेक्सासात फ्रिस्कोला मुलीकडे राहायला जायचं ठरलं, घर विकायला निघालं, आणि खोकी उचलता उचलता सरांचा हर्निया बाहेर आला.

शहरातले नावाजलेले सर्जन त्यांचे मित्र. पीटरसननी स्वतःहून विचारलं. सर म्हणाले, मेगन करेल. मेगनला घामच फुटला. ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "वर्षा, त्यांना सांग ना, दुसऱ्या कुणाकडे जा." मी सांगितलं. ते म्हणाले, "का? तिला येत नाही का?" आणि वर अट घातली: पूर्ण भूल नको. फक्त तेवढी जागा बधिर करा, झोपेचं औषधही देऊ नका. मला सगळं ऐकायचंय.

मेगन म्हणाली, "ठीक आहे. पण एक शब्द बोललात तर पूर्ण भूल देईन."

"हं," सर म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी मी काकूंसोबत बाहेर बसले होते. काकूंनी पर्समधून काढलेले शेंगदाणे दोघींनी खाऊन संपवले. तासाभरानं मेगन आली. टोपी हातात, चेहरा पडलेला. काकू उभ्याच राहिल्या.

"ते उत्तम आहेत," मेगन घाईघाईनं म्हणाली. "सगळं नीट झालं. पण..." ती हातातली टोपी पिळू लागली. "मी सुरुवात केली, दोन मिनिटं ते छताकडे बघत होते. मग घोरायलाच लागले! शेवटपर्यंत. मी ठरवलं होतं, झाल्यावर विचारायचं, काय जमलं, काय नाही. त्यांनी काही बघितलंच नाही."

मी काकूंना मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना कळलं होतं.

"झोपले?" काकूंनी विचारलं. "औषध न देता? नक्की?"

"नक्की. भूलतज्ज्ञसुद्धा हसत होते."

काकू खाली बसल्या. मेगनचा हात त्यांनी ओढून शेजारच्या खुर्चीवर तिला बसवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "ऐक. मी तीस वर्षं गाडी चालवते. एक अपघात नाही. हे बाजूला बसले की डोळा मिटत नाहीत. विमानात मिटत नाहीत. मुलगी ड्राइव्ह करते तेव्हाही नाही. दुसऱ्याच्या हातात काही असलं की हा माणूस जागा असतो. चाळीस वर्षं मी बघतेय."

मेगन काकूंकडे बघत राहिली. मग तिनं टोपी तोंडावर धरली आणि तिचे ते रुंद खांदे हलू लागले. मीही रडले. काकूंनी आम्हा दोघींना शेंगदाण्याचा रिकामा कागद दिला, डोळे पुसायला.

संध्याकाळी सरांना चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आणलं. चेहरा अपराधी. मेगन शेजारी होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "सॉरी. मी सगळंच चुकवलं."

"इट्स ओके, डॉक्टर के," ती म्हणाली. तिचे डोळे अजून लाल होते आणि चेहरा नुसता फुलला होता. तो पाहून सर बुचकळ्यात पडले.

गाडीत बसताना त्यांनी माझी बाही ओढली. "वर्षा, ती खूश कशानं आहे? मी तर तिला काहीच सांगितलं नाही."

"काकूंना विचारा," मी म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात ते टेक्सासला गेले. फोन होतात, पण प्रत्यक्ष बघितलं ते त्या दिवशीच शेवटचं. काकूंनी आरसा नीट केला, पट्टा लावला आणि गाडी हळूच फुटपाथपासून बाहेर काढली. काच बंद होती तरी मला स्पष्ट ऐकू आलं: "अगं ब्रेक! ब्रेक! डावीकडे बघ!" हॉस्पिटलच्या फाटकातून गाडी वळेपर्यंत मी आणि मेगन बघत होतो. सर ताठ बसले होते, एक हात पोटावरच्या टाक्यांवर, दुसऱ्यानं दाराची मूठ घट्ट धरलेली, आणि डोळे टक्क उघडे.